वित्त क्षेत्रातील नोकरीचा अर्ज आणि प्रमाणित परीक्षांचे गुण

वित्त क्षेत्रात पहिली नोकरी शोधणाऱ्या पदवीधराला रेझ्युमे तयार करताना हमखास एक प्रश्न पडतो: सॅट, एसीटी (अमेरिकेतील पदवी प्रवेशाच्या), जीमॅट (एमबीए प्रवेशाची) किंवा जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची) यांसारख्या परीक्षांतील गुण त्यावर लिहावेत की नाहीत? मिळणारी उत्तरे बहुधा टोकाची असतात. कोणी ठामपणे सांगतो की शाळेच्या वयात दिलेल्या परीक्षेचे गुण कोणी पाहतही नाही. कोणी सांगतो की सॅटला (१६०० पैकी) १५००च्या खाली गुण असतील, तर अर्ज करण्याचे कष्टही घेऊ नयेत. दोघांचेही म्हणणे आपापल्या अनुभवापुरते खरे असते, कारण 'वित्त क्षेत्र' या एका नावाखाली क्वांट ट्रेडिंगपासून (गणिती सूत्रांनी होणारी खरेदी-विक्री) बँकेच्या शाखेतील कर्जविभागापर्यंत अशी कामे मोडतात की त्यांच्या भरतीच्या पद्धतींत काहीही साम्य नसते.

प्रस्तुत लेखातील भूमिका अशी आहे की हे गुण फक्त अर्ज चाळले जात असताना, आणि तेही अर्जदाराच्या पात्रतेचा दुसरा पुरावा तुटपुंजा असतानाच, उपयोगी पडतात. मुलाखत सुरू झाली की त्यांचे काम संपते. त्यामुळे ते लिहावेत की नाहीत याचा निर्णय एकदाच घेऊन सर्व अर्जांना लागू करता येत नाही, तो कामाचे स्वरूप, कंपनी आणि आपला उर्वरित रेझ्युमे पाहून प्रत्येक वेळी घ्यावा लागतो.

कंपन्या हे गुण विचारतात तरी का

एकेका जागेसाठी शेकडो अर्ज येतात आणि ते चाळणाऱ्या व्यक्तीकडे प्रत्येकासाठी फार तर मिनिटभर असते. अर्जदार वेगवेगळ्या विद्यापीठांतून आणि वेगवेगळ्या विषयांतून आलेले असतात. एका ठिकाणचा ३.६ जीपीए (पदवीच्या श्रेणींची सरासरी, बहुधा ४ पैकी) आणि दुसऱ्या ठिकाणचा ३.६ जीपीए यांची किंमत सारखी नसते हे चाळणाऱ्याला माहीत असते, पण फरक नेमका किती हे सांगता येत नाही. सॅट ही परीक्षा १९२६पासून, एसीटी १९५९पासून आणि जीमॅट १९५०च्या दशकापासून घेतली जाते; या परीक्षांमुळे सर्व परीक्षार्थींचे माप एकाच पट्टीवर येते. इतिहासाचा विद्यार्थी आणि भौतिकशास्त्राचा विद्यार्थी यांची तुलना करण्यासाठी ही पट्टी हाताशी असते, आणि ती फुकट मिळते, कारण परीक्षेचा खर्च अर्जदाराने आधीच केलेला असतो.

२०१४ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने दिलेल्या वृत्तात गोल्डमन सॅक्ससारखी बँक आणि बेन, मॅकिन्झी यांसारख्या सल्लागार कंपन्या नव्या पदवीधरांकडे सॅटचे गुण मागतात असे नमूद केले होते. डी. ई. शॉ या १९८८ साली स्थापन झालेल्या, गणिती पद्धतीने गुंतवणूक करणाऱ्या कंपनीची तर याबाबतची ख्याती जुनीच आहे. उलट बाजूने, २०१३ साली गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तत्कालीन प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी एका मुलाखतीत सांगितले होते की त्यांच्या कंपनीच्या अंतर्गत माहितीनुसार जीपीए आणि परीक्षांचे गुण भरतीसाठी निरुपयोगी ठरले. अपवाद फक्त नुकत्याच पदवी घेतलेल्यांचा, आणि तिथेही संबंध अगदी पुसट. गूगल ही वित्त कंपनी नव्हे, पण हा अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण तो वित्त क्षेत्रातही तंतोतंत लागू पडतो: गुणांचे आयुष्य पदवीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांपुरतेच असते.

संशोधनाची बाजूही पाहू. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन असे मांडले की सर्वसाधारण बौद्धिक क्षमतेच्या चाचण्या आणि पुढील कामगिरी यांच्यातील सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.५१ इतका आहे. भरतीच्या जगात हा आकडा पुढे वर्षानुवर्षे प्रमाण मानला गेला. २०२२ साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गणितातील दुरुस्त्या फाजील असल्याचे दाखवून तो आकडा ०.३१वर आणला, आणि ठरावीक चौकटीत घेतलेली मुलाखत ०.४२ या आकड्यासह त्याच्या वर गेली. ०.३१चा वर्ग केला तर तो दहा टक्क्यांच्याही आत राहतो. म्हणजे कामगिरीतील फरकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भागाचे स्पष्टीकरण अशा चाचणीतून मिळत नाही. शिवाय हे आकडे क्षमताचाचण्यांचे आहेत, अर्जदाराने सतराव्या वर्षी दिलेल्या प्रवेशपरीक्षेचे नव्हेत.

अमेरिकेत या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. १९७१ सालच्या ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की भरतीची एखादी चाचणी किंवा अट विशिष्ट समाजगटाला मोठ्या प्रमाणात बाहेर ठेवत असेल, तर त्या अटीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध असल्याचे कंपनीला दाखवावे लागेल. गुणांची कडक सीमारेषा जाहीरपणे आखणे हे तिथे जोखमीचे काम आहे.

कोणत्या कामासाठी किती वजन

सर्वांत जास्त वजन क्वांट संशोधन, ट्रेडिंग आणि गणिती पद्धतीच्या हेज फंडांमध्ये (मोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा गुंतवणारे खासगी फंड) असते. तिथेही एक खोच आहे. अशा ठिकाणी सॅटच्या गणितात ८०० किंवा जीआरईच्या क्वांटमध्ये (गणिती विभागात) १७० गुण असणे ही किमान अपेक्षा मानली जाते. त्यामुळे ते असल्याने अर्ज उजवा ठरत नाही, नसल्याने मात्र शंका येऊ शकते. जीआरई क्वांटमध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवूनही पर्सेंटाइल (आपल्याहून कमी गुण असलेल्यांचे शेकडा प्रमाण) नव्वदीच्या थोडेच वर राहते, इतक्या जणांना तेवढे गुण असतात. या कंपन्यांना अर्जदारांमधला फरक दिसतो तो गणित ऑलिम्पियाड, प्रोग्रामिंग स्पर्धा किंवा पटनम (महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची गणित स्पर्धा) यांसारख्या ठिकाणी. पटनम स्पर्धेत १२ प्रश्न आणि १२० गुण असतात आणि अनेक वर्षी मध्यक गुण (म्हणजे क्रमाने बरोबर मधल्या स्पर्धकाचे) शून्य किंवा एक असतो, म्हणजे तिथे मिळवलेले तीस गुणही सॅटच्या पूर्ण गुणांहून बरेच काही सांगून जातात. असे काही हाती असेल, तर सॅट लिहून ती जागा अडवू नये.

इन्व्हेस्टमेंट बँकिंगमधील अॅनालिस्टच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या, जागांसाठी चित्र वेगळे असते. तिथे आधी विद्यापीठ, मग जीपीए, मग आधीची इंटर्नशिप आणि बँकेतील कोणी तरी अर्जदाराला ओळखत असणे या गोष्टींवर चाळणी चालते. काही बँकांच्या ऑनलाइन अर्जात सॅट किंवा एसीटीसाठी रकाना असतो, तो बहुधा ऐच्छिक असतो. जीपीए चांगला असेल तर त्या रकान्याने फारसे काही बदलत नाही. जीपीए मध्यम आणि गुण उत्तम असतील, तर चाळणारा माणूस अर्ज बाजूला टाकण्याआधी एकदा थबकण्याची शक्यता वाढते, आणि गुणांकडून अपेक्षा ठेवायची ती एवढीच.

सल्लागार कंपन्या या वित्त कंपन्या नसल्या तरी तेच विद्यार्थी दोन्हीकडे अर्ज करतात म्हणून त्यांचा उल्लेख करावा लागतो. तिथे गुणांना बँकांपेक्षा थोडे अधिक वजन असल्याची परंपरा आहे.

एमबीएनंतरच्या असोसिएट पदांसाठी जीमॅटचा प्रश्न येतो. चांगल्या बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश मिळाला यातच जीमॅटचे काम झालेले असते, कारण कंपनीच्या दृष्टीने स्कूलने ती चाळणी तिच्यासाठी आधीच लावलेली असते. तरीही अभियांत्रिकीबाहेरच्या, म्हणजे साहित्य, कायदा, सैन्य किंवा सामाजिक कार्य अशा पार्श्वभूमीच्या अर्जदारांनी जीमॅटमधील उत्तम क्वांट गुण लिहिणे शहाणपणाचे ठरते. 'यांना आकडे जमतील का' ही जी न विचारलेली शंका असते, तिला ते परस्पर उत्तर देतात.

कंपन्यांचे अंतर्गत वित्तविभाग, लेखापरीक्षण, विमा, किरकोळ बँकिंग, संपत्ती व्यवस्थापन या ठिकाणी प्रवेशपरीक्षांचे गुण जवळजवळ कोणी विचारत नाही. तिथे परवाने आणि व्यावसायिक पात्रता मोलाच्या, आणि त्यांच्याकडे पुढे वळू. ब्रिटनमध्ये सॅटच्या जागी ए-लेव्हल या शालान्त परीक्षेच्या श्रेणी असतात, आणि तिथल्या मोठ्या लेखासंस्थांनी त्यांपासून फारकत घ्यायला कधीच सुरुवात केली आहे: पीडब्ल्यूसीने २०१५ साली ए-लेव्हलवर आधारित गुणांची अट काढली, त्याच वर्षी ईवायनेही तसेच केले, आणि २०२२ साली पीडब्ल्यूसीने पदवीच्या वर्गाची अटही सोडली.

लिहायचे की वगळायचे: निर्णय कसा घ्यावा

पहिली पायरी म्हणजे कंपनीचा अर्ज नीट वाचणे. रकाना सक्तीचा असेल तर प्रश्नच उरत नाही; खरा आकडा भरावा. परीक्षा दिलीच नसेल, तर 'दिलेली नाही' हा पर्याय असतो, तो निःसंकोच निवडावा. २०२० साली महामारीमुळे अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांनी सॅट-एसीटी ऐच्छिक केली, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर प्रवेशासाठी गुण पाहणेच थांबवले. एमआयटीने २०२२ साली आणि डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४ साली परीक्षेची अट पुन्हा आणली, पण मधल्या वर्षांत प्रवेश घेतलेल्या कितीतरी उत्तम विद्यार्थ्यांकडे दाखवायला गुणच नाहीत. भरती करणाऱ्यांना हे ठाऊक आहे, आणि म्हणून रिकाम्या रकान्याकडे आज पूर्वीसारखे संशयाने पाहिले जात नाही.

रकाना ऐच्छिक असेल किंवा रेझ्युमेवर लिहायचे की नाही एवढाच प्रश्न असेल, तर एकूण गुणांपेक्षा पर्सेंटाइल पाहावे. सॅटचे १५०० किंवा अधिक म्हणजे साधारण वरच्या दोन टक्क्यांत, एसीटीचे ३४ किंवा अधिक म्हणजे वरच्या एका टक्क्यात. स्पर्धेच्या जागांसाठी याच्या खालचे गुण लिहून फारसा लाभ नाही. १३८० हे वाईट गुण नव्हेत, बहुसंख्य परीक्षार्थींच्या ते पुष्कळ पुढे आहेत. पण ज्या गठ्ठ्यात बहुतेक आकडे १५००च्या आसपास आहेत, त्यात ते स्वतःहून मांडणे म्हणजे कोणी न विचारलेली उणीव आपणच दाखवणे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इथे अक्षरशः लागू पडते.

हे गुण किती सूक्ष्म असतात याविषयीही भ्रम नसावा. त्याच विद्यार्थ्याने तीच परीक्षा पुढच्या आठवड्यात दिली तर एकूण गुण तीस-चाळीसने इकडेतिकडे होऊ शकतात, असे या परीक्षांच्या मापनातील चुकीचे प्रमाणच सांगते. त्यामुळे १५१० आणि १५४० यांत फरक मानण्यात अर्थ नाही. चाळणारेही तो सहसा मानत नाहीत.

यानंतर पाहावे ते पानावर दुसरे काय आहे. समजा, एका अर्जदाराचा नामांकित विद्यापीठात अर्थशास्त्रात ३.८ जीपीए आहे आणि एका बँकेत उन्हाळी इंटर्नशिप झाली आहे. त्याचे सॅटचे गुण १५२० आहेत. त्याने ते लिहिले काय किंवा न लिहिले काय, काही बिघडत नाही. ती ओळ आर्थिक मॉडेलिंगच्या (कंपनीच्या भावी उत्पन्नाचे आणि मूल्याचे हिशेब मांडण्याच्या) कामाला दिली तर उत्तम. दुसरी अर्जदार फारशा परिचित नसलेल्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकली, तिचा जीपीए ३.३ आहे, त्यातही पहिल्या वर्षी आजारपणामुळे गुण घसरले होते, आणि जीआरई क्वांटमध्ये तिला १७० गुण आहेत. तिने ते लिहिलेच पाहिजेत, आणि शिक्षणाच्या भागात जीपीएच्या शेजारीच लिहिले पाहिजेत, कारण चाळणाऱ्याची नजर जिथे अडखळणार आहे तिथेच त्याला दुसरा आकडा दिसायला हवा. माझ्या मते गुणांचा खरा उपयोग अशाच अर्जदारांना होतो, आणि दुर्दैवाने 'गुण कोणी पाहत नाही' हा सल्ला ऐकून तेच ते वगळतात.

नोकरीत दोन-तीन वर्षे काढली की ही ओळ काढून टाकावी. तीस वर्षांच्या माणसाच्या रेझ्युमेवर सॅटचे गुण असले, तर मधल्या काळात सांगण्यासारखे काही घडले नाही असा अर्थ निघतो. एखाद्या फंडाचा अर्ज अनुभवी उमेदवारालाही ते विचारतो. तेव्हा अर्जात भरावेत, रेझ्युमेवर मात्र नकोत.

लिहायचे ठरले तर कसे लिहावे

गुणांना स्वतंत्र शीर्षक देऊ नये. शिक्षणाच्या भागात एक ओळ पुरते. 'सॅट: १५४० (गणित ८००)' किंवा 'जीआरई: क्वांट १७०, व्हर्बल १६२' इतके पुरेसे आहे. एकूण गुण साधारण आणि गणिताचे उत्तम असतील तर केवळ गणिताचे लिहिणे गैर नाही, परंतु अनुभवी चाळणारा न लिहिलेला अर्धा भाग मनातल्या मनात भरून घेतो, याचे भान ठेवावे.

मापनाची पट्टी बदलली असेल तर ती सांगणे आवश्यक आहे, आणि सध्या सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. जीमॅटची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२३मध्ये आली. जुन्या परीक्षेचे गुण २०० ते ८०० असत आणि शेवटचा अंक शून्य असे. नव्या परीक्षेचे २०५ ते ८०५ असतात आणि शेवटी नेहमी पाच असतो. नव्या पट्टीवर ६५५ म्हणजे पर्सेंटाइल नव्वदीच्या जवळपास, तर जुन्या पट्टीवर ६५० म्हणजे सत्तरीच्या घरात. जुन्या पट्टीवर वाढलेल्या चाळणाऱ्याने ६५५ हा आकडा नुसता पाहिला, तर तो त्याला बेताचा वाटेल. म्हणून आकड्यापुढे पर्सेंटाइल लिहावे, उदाहरणार्थ 'जीमॅट (नवी आवृत्ती): ६५५', आणि त्यापुढे आपल्या गुणपत्रकावर छापलेले पर्सेंटाइल. सॅटही २००५ ते २०१६ या काळात २४०० गुणांची होती, मार्च २०१६पासून पुन्हा १६००ची झाली. जीआरईचे प्रत्येक विभागाचे गुण २०११पासून १३० ते १७० असे आहेत.

अनेकदा परीक्षा दिलेल्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. वेगवेगळ्या वेळच्या विभागवार सर्वोत्तम गुणांची बेरीज विद्यापीठे प्रवेशासाठी मान्य करतात, पण नोकरीच्या अर्जात 'एकाच बैठकीतील सर्वाधिक गुण' असे विचारले असेल तर ही बेरीज लिहिता येत नाही. अर्जात काहीच स्पष्ट केलेले नसेल, तर एकाच बैठकीतील गुण लिहिणे सुरक्षित. तसेच जीआरईचे गुण एखाद्या तुलनातक्त्याने जीमॅटमध्ये बदलून लिहू नयेत. तो अंदाज असतो, गुण नव्हे.

आकडा फुगवण्याविषयी वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. ऑफर दिल्यानंतर पार्श्वभूमी तपासताना कंपनी अधिकृत गुणपत्रक मागू शकते. १४९०चे १५१० केलेल्या अर्जदाराला मिळणारा लाभ शून्याजवळ असतो, आणि उघडकीस आल्यास ऑफर मागे घेतली जाते, कारण मग मुद्दा वीस गुणांचा उरत नाही. ज्या व्यवसायाचा सगळा डोलारा दुसऱ्याच्या पैशांच्या विश्वासावर उभा आहे, तिथे ही गोष्ट माफ होत नाही.

केवळ नोकरीसाठी परीक्षा पुन्हा द्यावी का

देऊ नये. उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी गरज असेल तर ती वेगळी बाब. रेझ्युमेवरील एका ओळीसाठी दोन-तीन महिने जीआरईच्या शब्दयाद्या पाठ करण्यापेक्षा तो वेळ कंपनीच्या स्वतःच्या चाचणीला दिला, तर त्याचे मोल कितीतरी पटींनी अधिक आहे. अनेक कंपन्या जुन्या गुणांवर विसंबण्याऐवजी स्वतःच चाचणी घेतात, आणि तीत अनुत्तीर्ण झाल्यास १६०० पैकी १६०० असलेल्या अर्जदाराचाही अर्ज तिथेच थांबतो.

या चाचण्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. ट्रेडिंग कंपन्या मनातल्या मनात हिशेब करण्याचा वेग तपासतात. ऑप्टिव्हर या कंपनीची ८ मिनिटांत ८० प्रश्नांची चाचणी त्यासाठी प्रसिद्ध आहे. एका प्रश्नाला सहा सेकंद. तिथे १७ गुणिले २४ हा गुणाकार शाळेतल्या रीतीने करायला वेळ नसतो. १७ गुणिले २५ म्हणजे ४२५, त्यातून १७ वजा, उत्तर ४०८, ही वाट डोळ्यांना आपोआप दिसायला हवी. पाच अष्टमांशातून एक तृतीयांश वजा करताना छेद २४ आहे हे ध्यानी येताच पंधरा वजा आठ एवढेच उरते आणि उत्तर सात चोविसांश मिळते. हा हुशारीपेक्षा सरावाचा भाग आहे, आणि रोज वीस मिनिटे घड्याळ लावून केलेल्या सरावाने काही आठवड्यांत स्पष्ट सुधारणा होते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात का, हे चाचणीच्या सूचनांत आधीच पाहून ठेवावे. अंदाजाने उत्तर द्यायचे की प्रश्न सोडायचा हे त्यावर ठरते.

बँका आणि मोठ्या वित्तसंस्था वापरतात त्या चाचण्या दुसऱ्या प्रकारच्या, उदाहरणार्थ एसएचएल या चाचण्या बनवणाऱ्या कंपनीच्या. त्यांत तक्ता किंवा आलेख देऊन टक्केवारी, गुणोत्तर, चलनांची रूपांतरे असे प्रश्न येतात. गणित सातवी-आठवीचे असते, फसगत होते ती वाचण्यात. महसूल ४८०वरून ४२०वर आला तर घट १२.५ टक्के, पण पुन्हा ४८०वर जाण्यासाठी लागणारी वाढ १४.३ टक्के, कारण भागायचा आकडा आता ४२० आहे. पर्यायांत हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवलेले असतात. तक्त्याच्या वर बारीक अक्षरांत 'आकडे हजारांत' किंवा 'आकडे लाखांत' असे लिहिलेले असते, तेही प्रश्नाआधी वाचावे.

व्यावसायिक परीक्षांचे वेगळे नियम

सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची), एफआरएम (जोखीम व्यवस्थापनाची) किंवा फिनरा या अमेरिकेतील दलाली व्यवसायाच्या नियामक संस्थेच्या परीक्षा यांची गणना वरील परीक्षांत करू नये. प्रवेशपरीक्षा क्षमता मोजतात असे मानले जाते. या परीक्षांमधून त्या विषयाचे ज्ञान आणि त्यातली चिकाटी दिसते. त्यांत किती गुण मिळाले याला जवळजवळ अर्थ नाही, उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच विचारले जाते.

सीएफएची पहिली परीक्षा १९६३ साली झाली. तिचे तीन स्तर आहेत आणि पहिल्या स्तरात १८० बहुपर्यायी प्रश्न असतात. संशोधन आणि पोर्टफोलिओ व्यवस्थापनाच्या जागांसाठी पहिला स्तर उत्तीर्ण असणे हे पदवीधराच्या बाबतीत सॅटच्या कोणत्याही आकड्याहून वजनदार ठरते. मात्र ते लिहिण्याचे नियम कडक आहेत आणि ते पुष्कळांना माहीत नसतात. नावापुढे 'सीएफए लेव्हल १' अशी पदवीसारखी अक्षरे लावता येत नाहीत, कारण अर्धवट पदवी असा काही प्रकारच नाही. 'सीएफए, २०२७मध्ये अपेक्षित' असेही लिहिता येत नाही. 'सीएफए कार्यक्रमाचा पहिला स्तर उत्तीर्ण' असे वस्तुस्थिती सांगणारे वाक्य चालते, आणि पुढील परीक्षेसाठी नोंदणी झालेली असेल तरच स्वतःला उमेदवार म्हणवून घेता येते. तिन्ही स्तर पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाल्याचे खरे असल्यास सांगता येते, परंतु त्यामुळे आपण इतरांहून सरस आहोत असे सुचवता येत नाही. हे नियम सीएफए संस्थेच्या आचारसंहितेत आहेत, आणि मुलाखत घेणारा स्वतः सीएफए सनदधारक असेल तर चूक त्याच्या लगेच नजरेत येते.

अमेरिकेत दलालीच्या व्यवसायात जाऊ पाहणाऱ्यांसाठी एसआयई ही फिनराची प्राथमिक परीक्षा २०१८पासून उपलब्ध आहे. ७५ प्रश्नांच्या या परीक्षेसाठी कोणत्याही कंपनीची शिफारस लागत नाही, ७० गुणांना उत्तीर्ण होता येते आणि निकाल चार वर्षे ग्राह्य राहतो. दलालीच्या परवान्यासाठीच्या सीरिज ७ परीक्षेला मात्र आधी नोकरी किंवा कंपनीचे प्रायोजकत्व लागते. ज्यांना संपत्ती व्यवस्थापनात जायचे आहे आणि अनुभव काहीच नाही, त्यांनी जीमॅटचा विचार सोडून आधी एसआयई द्यावी.

मुलाखतीत विचारले तर, आणि कागदपत्रांविषयी

मुलाखतीत गुणांचा विषय क्वचित निघतो. निघालाच तर आकडा एका वाक्यात सांगावा आणि थांबावे. गुण कमी असतील तर परीक्षापद्धती कशी सदोष आहे याचे विवेचन करू नये. समोरच्याला ते मान्य असले तरी त्या क्षणी ती सबबच वाटते. 'गणितात ६८० होते. पदवीला मी संख्याशास्त्राचे चार पेपर घेतले आणि त्यांत अ श्रेणी मिळवली' हे उत्तर पुरेसे आहे, कारण ते जुन्या पुराव्यासमोर नवा पुरावा ठेवते. गुण उत्तम असतील तर ते आपणहून काढू नयेत. ते रेझ्युमेवर लिहिलेले आहेत आणि समोरच्याने वाचलेले आहेत.

अर्ज पाठवण्याआधी अधिकृत गुणपत्रकाची प्रत हाताशी ठेवावी. जीआरई आणि जीमॅटचे गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात, म्हणून मुदत संपण्यापूर्वीच ती प्रत उतरवून घ्यावी. सॅटचे जुने गुण कॉलेज बोर्डाकडून शुल्क भरून मागवता येतात, पण त्याला वेळ लागतो आणि पार्श्वभूमी तपासणारी संस्था सहसा थोड्याच दिवसांची मुदत देते. ज्यांनी परीक्षा एकाहून अधिक वेळा दिली आहे, त्यांनी कोणत्या कंपनीला कोणत्या बैठकीचे गुण कळवले हे एका तक्त्यात तारखेसह नोंदवून ठेवावे, म्हणजे रेझ्युमेवर एक आकडा आणि ऑनलाइन अर्जात दुसरा, असा घोटाळा होत नाही.